‘मी अजून जेवलेच नाही’

या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच पत्रं मी वेगळी काढून ठेवली होती. वेगवेगळ्या गावांतून आलेली, पण विषय एकच: अल्झायमर आणि भूक. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसाची भूक भागत नाही, कुणाकडे ती लागतच नाही, आणि कुणी स्वतःच्याच भुकेकडे भीतीने बघायला लागलंय. म्हणून यावेळी गुडघेदुखी आणि ॲसिडिटी पुढच्या अंकावर ढकलली आहे. मी सांगलीत ३३ वर्षं फिजिशियन म्हणून काम केलं, पण या विषयातलं मला जे कळतं त्यातलं निम्मं मला माझ्या आत्याने शिकवलं. तिची शेवटची नऊ वर्षं ती माझ्याकडे होती.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. दुपारी साडेबाराला भात, आमटी, भाजी सगळं नीट जेवतात आणि एक वाजता ओट्याशी येऊन म्हणतात, ‘मी अजून जेवलेच नाही.’ परवा शेजारच्या काकूंना त्यांनी सांगितलं की सून मला उपाशी ठेवते. मला रडूच फुटलं. त्यांच्या पोटातलं भुकेचं हार्मोन वाढलं असेल का? त्यावर काही गोळी असते का?
*एक सून, चिपळूण*

आधी तुमच्या रडण्याबद्दल बोलते. माझ्या आत्याने हेच आमच्या दूधवाल्याला सांगितलं होतं. ‘भाची डॉक्टर आहे, पण घरात अन्नाचा कण मिळत नाही.’ रोज चाळीस-पन्नास रुग्णांना त्यांचे आजार समजावून सांगणारी मी, त्या दिवशी दवाखान्यात जायच्या आधी न्हाणीघराचं दार लावून रडले. तुमच्या सासूबाई खोटं बोलत नाहीत आणि तुमच्यावर त्यांचा रागही नाही. त्यांच्यापुरतं ते जेवण झालेलंच नाही.

आता हार्मोनचं. भूक लागल्याची वर्दी देणारं हार्मोन म्हणजे घ्रेलिन. जपानमधल्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं, जेवणाची वेळ जवळ आली की वाढतं आणि पोटात अन्न पडलं की उतरतं. त्याच्या उलट काम लेप्टिनचं. ते चरबीच्या पेशींतून येतं आणि मेंदूला सांगतं की कोठारात साठा आहे, घाई नको. आतड्यातून येणारं जीएलपी-१ हे आणखी एक, जेवण चालू असतानाच ‘आता पुरे’ म्हणणारं. हे सगळे निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडे जातात. बदामाएवढा भाग असेल, पण भूक, तहान, झोप, अंगातली ऊब, सगळा कारभार तिथून चालतो.

पण पोट भरल्याची खात्री एवढ्यावर होत नाही. त्यात आठवणीचाही वाटा असतो, आणि हे आपल्याला एका अमेरिकन माणसामुळे नीट कळलं. हेन्री मोलेसन हे त्याचं नाव. तो जिवंत असेपर्यंत वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला फक्त ‘एच. एम.’ म्हणत, २००८ मध्ये तो गेल्यावर नाव उघड झालं. फिट्स थांबवण्यासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूचं ऑपरेशन झालं आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात त्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. त्यानंतर त्याच्या मनात नवी आठवण टिकेना. संशोधकांनी एकदा त्याचं रात्रीचं जेवण झाल्यावर ताट उचललं आणि मिनिटभराने दुसरं पूर्ण ताट समोर ठेवलं. तो पुन्हा जेवला, जवळजवळ सगळं. जेवणाआधी विचारा किंवा जेवणानंतर, ‘भूक किती आहे?’ याचं त्याचं उत्तर सारखंच यायचं. पुढे १९९८ मध्ये पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने स्मृती गेलेल्या दोन रुग्णांवर हेच करून पाहिलं. पहिल्या जेवणानंतर दहा ते तीस मिनिटांत दुसरं जेवण दिलं तर दोघंही जेवले, आणि तिसरं दिलं तर बहुतेक वेळा त्यालाही सुरुवात केली.

अल्झायमरचा घाव लवकर पडतो तो याच हिप्पोकॅम्पसवर. म्हणजे सासूबाईंच्या पोटातलं घ्रेलिन कदाचित अगदी रीतसर खाली आलं असेल. निरोप पोचला, पण ज्या वहीत ‘आज जेवले’ अशी नोंद व्हायची, ती वहीच फाटली आहे. त्यावर गोळी नाही.

‘अहो आत्ताच तर जेवलात’ हे वाक्य मात्र आजपासून बंद करा. मी एकदा आत्याला पटवायला तिचं उष्टं ताट मोरीतून आणून दाखवलं. आमटीचा ओघळ होता, शेवग्याची चोथा झालेली शेंग होती. ती ताटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘हे कुणाचं गं? त्याला शेंग आवडलेली दिसते.’ त्यानंतर मी कधीच पुरावा दाखवला नाही.

मी काय करायला लागले ते सांगते. साडेबाराला निम्मं जेवण वाढायचं आणि निम्मं झाकून ठेवायचं. एक वाजता ती आली की ‘हो, वाढतेच’ म्हणून उरलेलं द्यायचं. तरी मागणी आली तर ‘भात व्हायला पाच मिनिटं आहेत, तोवर एवढी कोथिंबीर निवडून देतेस?’ हाताला काम मिळालं की बऱ्याचदा भुकेचा विषय आपोआप मागे पडायचा. चावायला-गिळायला त्रास नसेल तर वाटीभर कुरमुरे किंवा पपईच्या फोडी द्याव्यात. शेजारच्या काकूंकडे आजच जा, आजाराचं नाव घेऊन सांगा. तुम्ही सांगितलं नाही तर त्या सासूबाईंचंच खरं मानतील.

वडील ७८ वर्षांचे, निवृत्त पोस्टमास्तर. तीन वर्षांत वजन ६४ वरून ५५ किलोवर आलं. पथ्य नाही, व्यायाम वाढलेला नाही. हल्ली नावं आठवत नाहीत आणि तीच गोष्ट दिवसातून चार वेळा सांगतात. लेप्टिन कमी असेल तर अल्झायमर होतो असं वाचलं. लेप्टिनची तपासणी करून घ्यावी का? कमी निघालं तर वाढवता येतं का?
*एक वाचक, कोथरूड, पुणे*

लेप्टिनची तपासणी करू नका. तो आकडा हातात घेऊन कुठलाही डॉक्टर तुमच्या वडिलांसाठी वेगळं काही करू शकणार नाही. पण तुम्ही जे दोन आकडे लिहिलेत, ६४ आणि ५५, ते मात्र फार महत्त्वाचे आहेत, आणि ते घेऊन तुम्ही या आठवड्यातच डॉक्टरकडे गेलं पाहिजे.

हे मी एवढ्या ठामपणे का लिहिते? आत्याच्या पाटल्यांमुळे. सोन्याच्या दोन पाटल्या, तिच्या लग्नातल्या. साबण लावल्याशिवाय हातातून निघायच्या नाहीत. एका दिवाळीत माझ्या लक्षात आलं की तिने पाटल्यांच्या पुढे काचेच्या बारीक बांगड्या चढवल्यात, अगदी घट्ट मापाच्या. विचारलं तर म्हणाली, ‘अगं, पाटल्या निसटतात. या बांगड्या त्यांना अडवतात.’ ब्लाउजही दोनदा आत घेऊन झाले होते. मी थायरॉइड तपासला, साखर तपासली, छातीचा एक्स-रे काढला. सगळं नॉर्मल. ‘वय झालं माझं,’ ती म्हणाली आणि मी ते मान्य केलं. तेव्हा तिची स्मरणशक्ती उत्तम होती. गल्लीतल्या सगळ्यांचे वाढदिवस तिला पाठ असायचे. त्यानंतर तीन वर्षांनी ती गणपती पेठेत, जिथून पन्नास वर्षं भाजी आणली तिथे, पिशवी धरून उभी होती आणि घर कुठे ते तिला सांगता येईना.

त्या पाटल्या मला आजही टोचतात. कारण आता आपल्याला माहीत आहे की अल्झायमरमध्ये वजन अनेकदा विसरण्याच्या आधी उतरतं. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल-२’ नावाचा मोठा अभ्यास आहे, १०,३०८ माणसांचा, १९८५ पासूनचा. अर्चना सिंग-मानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्यातली २८ वर्षांची वजनं मांडून दाखवली. ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला, त्यांचं वजन निदानाच्या साधारण आठ वर्षं आधीपासून इतरांपेक्षा कमी दिसायला लागलं होतं. आणि याच लोकांचं वजन त्याच्याही कितीतरी आधी, मध्यमवयात, इतरांपेक्षा जास्त होतं. ही दोन्ही टोकं लक्षात ठेवा, पुढच्या पत्रात लागतील.

तुम्ही जे वाचलं ते बहुधा फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासाबद्दल असावं. फ्रेमिंगहॅम हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं गाव. तिथल्या लोकांच्या हृदयाचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे. त्यातल्या ७८५ वृद्धांचं लेप्टिन १९९० ते १९९४ या काळात मोजलेलं होतं. सरासरी वय ७९, त्यावेळी कुणालाच स्मृतिभ्रंश नव्हता. पुढच्या वर्षांत त्यांतल्या १११ जणांना स्मृतिभ्रंश झाला, आणि या १११ पैकी ८९ जणांचा तो अल्झायमर होता. ज्यांचं लेप्टिन सर्वांत कमी होतं अशा पाव हिश्श्यात बारा वर्षांत अल्झायमर होण्याची शक्यता २५ टक्के निघाली, सर्वांत जास्त लेप्टिनवाल्या पाव हिश्श्यात ६ टक्के. २००९ मध्ये हे छापून आलं तेव्हा माझ्यासारख्या अनेकांचे डोळे विस्फारले होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत लेप्टिन हिप्पोकॅम्पसलाही मदत करताना दिसलं होतं, त्यामुळे गोष्ट जुळल्यासारखी वाटली.

पण नंतरच्या प्रत्येक अभ्यासात असाच निकाल आला नाही. आणि मूळ प्रश्न तसाच आहे: लेप्टिन कमी झाल्यामुळे आजार येतो, की आत शिरलेल्या आजारामुळे माणूस वाळतो आणि चरबी गेली म्हणून लेप्टिन कमी दिसतं? न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात माकोटो इशिई यांनी २०१४ मध्ये उंदरांत एक गोष्ट दाखवली. अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं अमायलॉइड हे प्रथिन तयार करणारे हे उंदीर, मेंदूत त्याचे थर दिसण्याच्या बरेच आधी वजनाने कमी होते आणि त्यांचं लेप्टिनही कमी होतं. लेप्टिन उतरलं की हायपोथॅलॅमसमधल्या ज्या पेशींनी ‘खा, खा’ म्हणून ओरडायला हवं, त्या गप्पच होत्या. माझ्या मते आत्याच्या बाबतीत हेच झालं असणार. चरबीने निरोप पाठवला, ‘साठा संपत आला’, आणि वाचणाऱ्याला तो लागला नाही. वजन घटलेल्या निरोगी माणसाला भूक जास्त लागते. तिला उलट कमी लागायची. हे विपरीत आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लेप्टिन बाहेरून देता येतं, पण ते लायपोडिस्ट्रॉफी नावाच्या दुर्मीळ आजारासाठी, जिथे शरीरात चरबीच नसते. विस्मरणासाठी नाही.

वडिलांच्या बाबतीत लगेच अल्झायमरवर उडी मारू नका. नऊ किलो उतरणं म्हणजे आधी क्षयरोग, कॅन्सर, मधुमेह, थायरॉइड बघायला हवेत. दात बघा, कवळी सैल झाली की म्हातारी माणसं भाकरी सोडतात आणि कुणाला सांगत नाहीत. मन उदास आहे का ते बघा, नैराश्यात भूकही जाते आणि आठवणही मंद होते. बी-१२ तपासा. यातली बरीच कारणं बरी होण्यासारखी असतात. त्यानंतर न्यूरॉलॉजिस्टकडे स्मरणशक्तीची रीतसर चाचणी. अल्झायमरचं निदान होऊन डोनेपेझिल सुरू झालं, तर त्या गोळीनेही काहींना मळमळ होते आणि भूक कमी होते, तेव्हा वजन अजून घसरलं तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, गोळी परस्पर बंद करू नका.

आणि एक वही करा. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन. तारीख आणि आकडा, बाकी काही नाही. पोस्टमास्तरांना नोंद ठेवायला आवडेल, त्यांच्याच हाताने लिहू द्या. अक्षर बदलत गेलं तर तेही दिसेल.

मी ४७ वर्षांची, शाळेत शिक्षिका. वजन ८२ किलो. आई अल्झायमरने गेली. वजन कमी करायचं जे इंजेक्शन आठवड्यातून एकदा घेतात, त्याने विसरण्याचा आजारही टळतो असं एका मैत्रिणीने सांगितलं. घेऊ का? माझी बहीण बारीक आहे, तिला तरी काळजी नाही ना?
*एक शिक्षिका, नागपूर*

आईला जाताना बघितलेल्या मुलीचा हा प्रश्न आहे, म्हणून जे खरं आहे तेच लिहिते. ही इंजेक्शनं जीएलपी-१ या आतड्याच्या हार्मोनची नक्कल करतात. भूक कमी होते, पोट सावकाश रिकामं होतं, साखर ताब्यात येते. मधुमेहाच्या रुग्णांत ती घेणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो असं नोंदींवरून दिसत होतं, त्यामुळे मलाही फार आशा होती. मग याच जातीच्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, ‘इव्होक’ आणि ‘इव्होक प्लस’. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातली ३,८०८ माणसं, औषध गोळीच्या रूपात. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला. रक्तातल्या आणि मणक्यातल्या पाण्यातल्या काही खुणा सुधारल्या, पण आजाराची चाल मंदावली नाही. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी मी आत्याच्या फोटोसमोर बराच वेळ बसले होते.

ही चाचणी आजार सुरू झालेल्यांवर होती. तुमच्यासारख्या, आजार नसलेल्या माणसाला ते औषध वाचवेल का, याचं उत्तर या चाचणीतून मिळत नाही. म्हणून विस्मरण टाळायचं म्हणून इंजेक्शन घेऊ नका. वजनासाठी किंवा साखरेसाठी तुमच्या डॉक्टरांना ते गरजेचं वाटलं, तर जरूर विचार करा, तो वेगळा निर्णय आहे.

मात्र वजन कमी करण्यात तुमचा फायदा आहेच. व्हाइटहॉलमध्ये पन्नाशीला स्थूल असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंश जास्त झाला. मध्यमवयात चरबी वाढली की लेप्टिन रक्तात भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. दारावर सारखी थाप पडत असेल तर घरातला माणूस उठत नाही, तसं. इन्सुलिनचंही तेच. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ मधल्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत स्थूलपणा, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, व्यायामाचा अभाव ही सगळी आहेत. या सगळ्यांचा मिळून वाटा सुमारे ४५ टक्के. आईला म्हातारपणी अल्झायमर झाला म्हणून तुम्हाला होणारच असं नाही. ४७ हे वय उशिराचं नाही. साखर, रक्तदाब आणि कंबरेचं माप या वर्षात करून घ्या.

बहिणीबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण भारतीय वरून बारीक दिसतो आणि चरबी पोटाच्या आत ठेवतो. त्यामुळे बहिणीला काटा दाखवून निश्चिंत करू नका. तिलाही सोबत घेऊन जा आणि दोघींची एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करा.

मी ६९ वर्षांचा. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. उपाशी राहिल्याने भुकेचं हार्मोन वाढतं आणि स्मरणशक्ती सुधारते असं ऐकलं. पूर्वी फक्त एकादशी करत होतो, आता आठवड्यातून तीन दिवस निरंकार उपास करतो. चालेल ना?
*एक वाचक, सोलापूर*

काका, नाही चालणार. हे थांबवा आणि उद्याच तुमच्या डॉक्टरांना भेटा.

तुम्ही ऐकलं ते उंदरांपुरतं खरं आहे. २००६ मध्ये येल विद्यापीठात घ्रेलिन उंदरांच्या हिप्पोकॅम्पसपर्यंत पोचतं आणि तिथे पेशींची नवी जोडणी वाढवतं असं दिसलं. भुकेल्या प्राण्याने अन्न कुठे मिळालं होतं ते आठवावं, ही निसर्गाची सोय असावी. पण माणसात? घ्रेलिनसारखं काम करणारं एमके-६७७ हे औषध अल्झायमरच्या ५६३ रुग्णांना देऊन पाहिलं, वर्षभर. २००८ मध्ये निकाल आला: काहीही फरक नाही.

उलट, मधुमेहाच्या काही गोळ्या घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. कॅलिफोर्नियातल्या १६ हजारांहून जास्त मधुमेही वृद्धांच्या अभ्यासात, ज्यांना दवाखान्यात न्यावं लागेल एवढी साखर उतरण्याचे प्रसंग आले, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. म्हणजे मेंदूसाठी जे करता आहात तेच मेंदूला महागात पडू शकतं. एकादशी विठ्ठलाची आहे, ती सोडा असं मी म्हणणार नाही. त्या दिवशीची गोळी किती आणि कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि निरंकार नको, फळं-दूध घ्या.

पत्नी ७१ वर्षांची, आठ वर्षं हा आजार. आता बोलत नाही. ताटाकडे नुसती बघत बसते. भरवायला गेलो तर ओठ मिटून घेते. वजन ३८ किलो. मुलं म्हणतात नाकातून नळी घाला. मला तिला बांधून ठेवल्यासारखं वाटतं. मी चुकतोय का?
*एक पती, डोंबिवली*

तुम्ही चुकत नाही. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसलेलं नाही. नळी ओढू नये म्हणून हात बांधायची वेळ येते, ते वेगळंच. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटनाही अशा रुग्णांना नळीऐवजी हाताने, सावकाश भरवायला सांगते. मुलांना डॉक्टरांसमोर बसवून हे ऐकवा, म्हणजे सगळा भार तुमच्या एकट्यावर येणार नाही. ओठ मिटणं अचानक सुरू झालं असेल तर तोंडात फोड, दातदुखी, बद्धकोष्ठ हे मात्र तपासून घ्या.

आणि ताट बदलून बघा. बोस्टनमध्ये पुढच्या टप्प्यातल्या नऊ रुग्णांना पांढऱ्याऐवजी गडद लाल ताटं आणि पेले दिले, तर खाणं २५ टक्क्यांनी आणि पिणं ८४ टक्क्यांनी वाढलं. छोटा प्रयोग आहे, पण त्यामागचं कारण पटणारं आहे. या आजारात रंगांतला फरक डोळ्यांना नीट कळत नाही. पांढऱ्या ताटात पांढरा भात म्हणजे त्यांच्या लेखी रिकामं ताट. आत्या स्टीलच्या ताटातला दहीभात बोटाने नुसता चाचपायची, वर ट्यूबलाइट चकाकायची. मी बाजारातून गडद निळी ताटली आणली. पहिल्याच दिवशी तिने स्वतःच्या हाताने चार घास घेतले. चार! मी घड्याळात वेळसुद्धा बघितली होती, पावणेआठ.

टीव्ही बंद करा. ताटात एकच पदार्थ ठेवा. मऊभातावर तूप, नाचणीची दाट खीर, केळं कुस्करून, अशा कमी घासात जास्त बळ देणाऱ्या गोष्टी. जीभ गोड लवकर ओळखते, म्हणून पहिला घास गोडाचा द्या. उभं राहून भरवू नका, समोर बसा, तुमचे डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. तिला ताठ बसवा, आणि जेवणानंतर अर्धा तास तशीच बसू द्या. पाण्याने ठसका लागत असेल तर ते दाट करून द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

चमचा तिच्या हातात द्या आणि तुमचा हात तिच्या हाताखाली धरा. साठ वर्षं हाताने जेवलेल्या माणसाच्या हाताला तोंडाची वाट अजून माहीत असते. ओठ मिटले तर थांबा, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा या. घास तोंडात गेला की तिच्या गळ्याकडे बघा. गळा एकदा वर जाऊन खाली येतो. तो खाली आला की मग दुसरा घास.